बिल्ला

त्याच्या कानात पिवळा बिल्ला: ४४१७.
म्हणजे पालिकेनं पकडलं, टोचलं, खच्ची केलं
आणि जिथून उचललं तिथंच परत सोडलं,
कुताइसीच्या भाजीबाजारामागे,
जिथं गेनोच्या भट्टीतून पाव निघतो
आणि भिंतीलगतची जमीन हिवाळ्यातही कोमट असते.

माझाही एक नंबर होता. पितळी चकतीवर.
मोटारींच्या कारखान्याच्या फाटकात
सकाळी खिळ्यावरून काढायची, संध्याकाळी अडकवायची.
कारखाना बंद पडला त्या दिवशी
सगळ्यांनी चकत्या खिळ्यांवरच ठेवल्या.
मी खिशात टाकून आणली.
का, ते इझोल्दाला कधी सांगता आलं नाही,
आणि आता ती विचारायला नाही.

फेब्रुवारीत एका मिनीबसनं त्याला उडवलं.
मीच उचलला. त्यात थोर काही नाही.
पावाच्या रांगेत पुढे मी होतो, तो माझ्या पायाशी पडलेला,
आणि मागची माणसं म्हणत होती,
जुम्बेर, एक तर सरक, नाहीतर उचल.

डॉक्टर मेदिकोनं पायात सळई घातली,
पैसे निम्मेच घेतले. म्हणाली,
घरी न्या, पण घाई करू नका,
घर काय असतं ते त्याला ठाऊक नाही.

मुलगी बारीहून फोन करते,
तिथल्या परक्या म्हातारीला भरवता भरवता.
बाबा, कुत्रा पाळलात?
पाळला नाही गं. राहायला आहे.

अकरा दिवस तो शिवणयंत्राखाली होता.
मी खोलीत असलो की चतकोराला शिवायचा नाही.
जिन्यात जाऊन सिगारेट ओढून येईस्तोवर
वाटी चाटूनपुसून लख्ख.
बाराव्या रात्री कपडे बदलायला लागलो,
पट्ट्याचं बक्कल खणकलं
आणि तो जागच्या जागी मुतला.
ओरडला नाही. नुसता भिंतीत शिरू पाहत होता.

फरशी पुसायला गुडघ्यांवर बसलो
तेव्हा आमचे डोळे पहिल्यांदा एका उंचीवर आले.
मी आधी नजर काढून घेतली.

तेव्हापासून विजार नाडीनं बांधतो.
शेजारीण त्सियाला म्हणते,
लोक कुत्र्याला पट्टा घालतात,
तू स्वतःचा सोडलास!
तिचं म्हणणं, ती चकती त्याच्या गळ्यात घाल, शोभेल.
नको. एका जीवाला एक बिल्ला पुरे.
नावही अजून ठेवलेलं नाही. 'ए' म्हटलं की
कान हलतो, बिल्ल्याचा.

रात्री तो जातो. तीन मजले लंगडत उतरतो,
भट्टीच्या भिंतीला पाठ लावून झोपतो, पहाटे चढून येतो.
दार मी उघडंच ठेवतो.
थंडी आत येते, गॅसचं बिल चढतं,
त्सियाला जिन्यातून खोकून दाखवते.

परवा बर्फ पडला. गेनो गावी गेलेला, भट्टी गार.
तो खाली गेला, तसाच वर आला,
माझ्याकडे न बघता
शेगडीपाशी गोल फिरून आडवा झाला.
मध्यरात्री खरवडल्याचा आवाज. उठलो.
तो झोपेत पळत होता, पडल्या पडल्या,
चारी पायांनी,
सळईच्यासुद्धा.
कशामागे, का कशापासून, कळायला मार्ग नव्हता.
बराच वेळ बसून राहिलो.
मग दार लोटलं.
कडी घातली नाही.