सत्तावीस तारीख

ओतारूच्या उतारावरची ती शाखा बंद होणार,
असं त्यांनी पत्राने कळवलं,
क्षमा मागत मागत, दोन पानं.
एकतीस वर्षं.
माझं बूट शिवायचं दुकान आणि त्यांचं दार
यांच्या मध्ये फक्त एक न्हाव्याचं दुकान
आणि हिवाळ्यात कमरेएवढा बर्फ.

कुनिओसान दर सोमवारी सायकलवरून यायचे,
गुडघे गेल्यावर चालत.
गल्ला मोजून न्यायचे.
चहाला तीनदा नाही म्हणायचे, चौथ्यांदा बसायचे.
वर्षाअखेर एक कॅलेंडर.
फुमिए गेली तेव्हा काळा टाय लावून आले
आणि पैशाचा शब्द काढला नाही.

रविवारी साप्पोरोहून मुलगा आला.
म्हणाला, बाबा, नवी बँक फोनमध्ये असते.
आणि दार?
दार नसतं.
बरं झालं म्हटलं, उंबरठाही नसेल मग.

नव्या बँकेला शिक्का नको.
शिंगाचा, आमच्या आडनावाचा शिक्का,
कडेचा एक टवका उडालेला;
त्या टवक्यावरूनच काउंटरवरची बाई ओळखायची,
हो, तुम्हीच.
नव्या बँकेने चेहरा मागितला.
डावीकडे वळा. उजवीकडे. डोळे मिटा, उघडा.
तीनदा म्हणाली, जुळत नाही.
हल्ली दाढी करताना मलाही तसंच वाटतं,
पण मी असं तोंडावर सांगत नाही.

मग यादी करायला बसलो,
जुन्या खात्यातून आपोआप काय काय जातं त्याची.
गॅस. वीज. पाणी. विमा.
तो बोट ठेवून वाचत होता, मी हूं म्हणत होतो.
"आणि हे काय? दर सत्तावीसला, तीनशे येन."
पुढे नाव होतं,
रकान्यात मावेल तेवढंच:
किनारा प्राथमिक शाळा वाद्यवृ

बिस्किटाच्या डब्यातून जुनी पासबुकं काढली,
रबर लावलेली. रबर हातातच तुटलं.
मागे गेलो, आणखी मागे,
दर पानावर सत्तावीस, तीनशे,
सत्तावीस, तीनशे.
चोवीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या ओळीशेजारी
फुमिएच्या पेन्सिलीने एकच शब्द:
क्लॅरिनेट.

मुलाने पासबुक खाली ठेवलं.
सहावीत त्याने शाळेचा क्लॅरिनेट
धक्क्यावरून समुद्रात पाडला होता.
मला एवढंच माहीत, की त्याला बँडचा कंटाळा आला.
आईला त्याने खरं सांगितलं होतं.
शाळा म्हणाली होती, असू द्या.
आणि ती म्हणाली असेल, मला दिसतेच ती, पदर नसताना खोचलेली,
असू कसं द्यायचं.

"ऐंशी हजारांचा होता," तो म्हणाला.
मग फोनवरच गुणाकार केला.
"गेले शहाऐंशी हजार चारशे.
बाबा, पावणेदोन वर्षांपूर्वीच फिटलं सगळं."
सहा वर्षं झाली तिला जाऊन.
म्हणजे नंतरही चार वर्षं ती फेडत होती,
आमच्या दोघांच्या देखत,
आणि मी दर महिन्याला ती ओळ बघून
पाणीपट्टी समजत होतो.

मंगळवारी खातं बंद केलं.
बाईने पासबुकाला मशीनने भोकं पाडली,
दोन्ही हातांनी परत दिलं.
निळ्या ताटलीत व्याजाचे सात येन.
कारण विचारणारा एक रकाना होता,
तिनेच माझ्या वतीने रेघ मारली.
कुनिओसान तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले म्हणाली,
आता मासे धरतात.

रात्री मुलगा फोन घेऊन बसला.
गॅस झाला. वीज झाली.
मग मला न विचारता त्याने शाळेचं नाव घातलं, पूर्ण.
रक्कम: तीनशे. जरा थांबला, पाचशे केले.
तारीख: सत्तावीस.
शेवटचा हप्ता कधी?
त्या चौकटीवर त्याचं बोट रेंगाळलं,
आणि ती रिकामीच ठेवून पुढे गेलं.

मी सवयीने शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली
आणि टेकवायला कागद शोधू लागलो.