सायमीचा घाम

शनिवारी संध्याकाळी तळ्याकाठच्या सौनात
आम्ही दोघी बहिणी वरच्या फळीवर बसतो.
सायमीला चढायला आता हात द्यावा लागतो,
खुबा बदलल्यापासून.
मी दगडांवर ओगराळंभर पाणी टाकते.
दगड फुत्कारतात,
वाफ छताला टेकून वळते, खांद्यांवर उतरते
आणि मी अजून श्वास आवरतेय तोवर
सायमीला घाम फुटलेला असतो.

फुटलेला म्हणजे कसा,
आधी वरच्या ओठावर, मग कानांमागे,
मग पाठीच्या पन्हाळीतून एकच धार,
कोपरांवरून, हनुवटीवरून
टप टप फळीवर.
माझ्या कपाळावर तोवर चार थेंब,
तेही हात आखडता घेऊन दिलेले.

एकच आई. एकच बाप.
एकच नाक, एकच चिडखोरपणा,
हिवाळ्यात तडकणाऱ्या टाचासुद्धा सारख्या.

शाळेत तिच्या वहीतली शाई फुटायची.
मास्तर म्हणायचे, पुन्हा लिही.
ती पुन्हा लिहायची, पुन्हा फुटायची.
नाचाच्या हॉलमध्ये भर जुलैत हातमोजे घालून जायची
आणि भिंतीला टेकून उभी राहायची.
बाबांच्या दफनाला, उणे अठरात,
तिच्या कपाळावरून ओघळ आले
तेव्हा काकू कुजबुजली, हिच्या मनात काहीतरी आहे.
मनात काही नव्हतं.
अंगात होतं.
मीही त्या दिवशी जराशी लांब सरकले होते.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

आरोग्यकेंद्रातली ती तरुण डॉक्टर, रीटवा,
परवा रक्तदाब मोजता मोजता सहज म्हणाली,
घामाच्या ग्रंथी सगळेच घेऊन जन्मतात, लाखांनी.
पण सगळ्या जाग्या होत नाहीत.
पहिली दोन-तीन वर्षं मूल कुठल्या हवेत वाढलं
त्यावर ठरतं म्हणतात.
"काही आईबापांकडूनही येतं, काही भीतीतून.
नक्की कोण सांगणार?
तुमचा जन्म कुठला?"
सायमी म्हणाली, ओवाम्बोलँड.

आफ्रिका. बाबा तिथं मिशनमध्ये सुतारकाम शिकवत.
सायमी अडीच वर्षांची होऊन इकडे आली.
मी इथलीच, फेब्रुवारीतली,
खिडकीच्या आतून बर्फ धरलं होतं तेव्हाची.
तिला तिथलं काही म्हणता काही आठवत नाही,
आणि आई बोलायची नाही.
बिस्किटांच्या डब्यात एक फोटो आहे, कडा वाळवीनं खाल्लेला.
वाळू, मारुलाचं झाड,
झाडाखाली नांगुला नावाची मुलगी,
तिच्या कडेवर एक गोरं मूल, चेहरा हललेला.
मागे आईच्या अक्षरात,
रात्री झोपत नाही.
नांगुला ओल्या फडक्यानं पुसत बसते.

म्हणजे त्या फडक्याखाली,
त्या न आठवणाऱ्या रात्रींत
एकेक दार उघडत
जागी झाली सगळी आळी,
आणि नंतर कुणी त्यांना सांगितलंच नाही
की आपण गाव बदललंय,
इथं बर्फ असतं,
निजा आता.
सत्तर वर्षं उघडी आहेत ती दारं.

माझी बंद. मला कुणी उठवलंच नाही.

दवाखान्यातून घरी येईपर्यंत सायमी गप्प होती.
आज फळीवर टेकल्यावर म्हणाली,
"ती नांगुला असेल का गं अजून?
असली तर नव्वदीची."
मग बऱ्याच वेळानं,
"तिलाही येत असेल का इतका?"

मला काय ठाऊक.
मी सुती फडकं बादलीत बुडवलं, पिळलं
आणि तिच्या मानेपासून खाली पुसत गेले.
पुसलं की तिथं पुन्हा भरून येत होतं.
"असू दे," ती म्हणाली,
"पाणी टाक."