वीस मिनिटं

वीस मिनिटं नीट चालते.
एकविसाव्याला, दलदलीच्या अलीकडे,
जिथे टेलिफोनचे खांब संपतात,
खोकते, दोन आचके देते, बसते.
दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू,
जसं काही झालंच नव्हतं.

एफी हाइन्सकडून घेतली ही क्वाड,
खेकड्यांच्या कारखान्यातल्या एका मोसमाच्या
जादा पाळ्यांच्या पैशांत.
न्यूफाउंडलंडच्या या टोकाला रंग उन्हानं उडत नाही,
मिठानं उडतो.
सीटला चिकटपट्टी. डावा आरसा नाही.
"सेल्बी होता तोवर कधी अडली नाही," ती म्हणाली,
आणि किल्ली सोडायला जरा वेळ लावला.

ॲम्ब्रोजकाका फोनवरून इंजिन ऐकतो.
माणसांचं बोलणं दोनदा सांगावं लागतं, इंजिनचं नाही.
"ठिणगी, पेट्रोल, हवा. चौथं काही नसतं.
तिघांतलं एक खोटं बोलतंय. कोण, ते तू काढ."

शेडमध्ये दिवा टांगून प्लग काढला.
टोक पांढरंफटक.
भाजल्या पावासारखं तपकिरी हवं होतं,
म्हणजे उपाशी जळतेय.
नवा घातला. वीस मिनिटं.
कार्बोरेटर उघडला, जेट उजेडाकडे धरला,
पलीकडे पिवळा ठिपका, गोल, स्वच्छ.
वीस मिनिटं.
एअर बॉक्समध्ये उंदराचं घरटं निघालं,
गुलाबी लोकर, परवान्याच्या कागदाचे कपटे,
आणि मी एकटीच मोठ्यानं म्हणाले, सापडलं!
"मग प्लग काळा असता," काका म्हणाला.
वीस मिनिटं.
लेअँडरनं कॉइल उसनी दिली
आणि न मागितलेला सल्लाही: विकून टाक.

ऑक्टोबर उतरणीला, लाकडं अजून रानात.
धुक्यात निघाले. शेवटचा खांब. आचके. शांतता.
रागानं, निव्वळ रागानं,
टाकीचं झाकण फिरवलं,
तेव्हा ती आत ओढत म्हणाली
हुssश्श,
खूप वेळ बुडालेलं कुणी वर यावं तशी.
पहिल्याच बटणाला सुरू झाली.

पेट्रोल जेवढं खाली उतरतं
तेवढी हवा वरून आत यावी लागते;
नाही आली तर ते टाकीतच लटकून राहतं.
झाकणातून एक बारीक नळी निघते,
हँडलच्या दांड्यात शिरते.
तिच्या टोकात खुंटी होती.
स्प्रूसची, चाकूनं तासलेली,
डोक्याला लाल दोरा.

एफीच्या ओट्याशीच थांबले. इंजिन बंद केलं नाही.
खुंटी तिच्या हातावर ठेवली.
"ओढा भरला की लावायचा, पाणी शिरू नये म्हणून.
पलीकडे चढला की आधी ही काढायची,
मग पाइप, मग बाकीचं जग.
दोरा मी बांधलाय. विसरू नये म्हणून."
मग ती बोलायची थांबली.

गेल्या ऑक्टोबरात त्याला बोटीनं आणलं होतं.
पलीकडच्या काठावर सापडला, क्वाडला टेकून.
किती वेळ बसला होता, कुणाला हाका मारल्या,
हे तिनं डॉक्टरला विचारलं होतं, पाद्रीला,
ज्यानं क्वाड ओढत आणली त्या भावालाही.

खुंटी तिनं उलटीसुलटी केली.
नखानं दोऱ्याची गाठ चाचपली.
"काढली नव्हती," ती म्हणाली.
"म्हणजे वेळच नाही मिळाला त्याला."
आणि पुन्हा, स्वतःशी,
"बसून नव्हता राहिला."

आत किटली शिट्टी घालत होती.
मी बटणाकडे हात नेला.
"असू दे," ती म्हणाली, "चालू दे जरा."
अंगात कोट नव्हता तिच्या.
घड्याळ माझ्या मनगटावर होतं,
मी बाही खाली ओढली.