दहाच्या खाली

पायलटने आधी थंडपेटी हातात दिली, मग टपाल.
पेटी मी पार्क्याच्या आत, पोटाशी धरून दवाखान्यात आणली.
बाहेर उणे एकतीस.
इथे थंडपेटीचं काम ऊब राखायचं,
लस गोठली की वाया.
अँकरेजच्या लोकांना हे दर हिवाळ्यात नव्याने सांगावं लागतं.

टपालात मागच्या खेपेचे आकडे होते.
नास्तासिया, सात.
वासिली, चार.
ओलिंका, शोधूनही सापडलं नाही.
दहाच्या वर असलं की निर्धास्त,
असं आम्हाला प्रशिक्षणात पाठ करून घेतलेलं.

शाळेच्या जिममध्ये पहिली रांग लागली तेव्हा
वासिली सहा वर्षांचा होता, मी पंधराची,
कापसाचे बोळे करून देत होते.
त्या वर्षी त्याचा आकडा नऊशे चाळीस.
मग तीनशे, मग एक्क्याऐंशी,
मग विसाच्या आसपास बरीच वर्षं रेंगाळला,
निघतो निघतो म्हणणारा पाहुणा
दारात बूट घालून बोलत बसतो तसा.
आता चार.

"म्हणजे संपलं?" त्याने विचारलं,
स्नोमशीन बंद न करताच.

मी म्हटलं, एप्रिलमध्ये तुझं धूरघर रिकामं असतं ना?
दोरीवर एक मासा नसतो.
म्हणून काय तू जाळं टाकायचं विसरलास?
तो हसला. म्हणाला, पण एप्रिलमध्ये भूक लागतेच.
यावर मला लगेच काही सुचलं नाही.
मग सांगितलं, हा आजार सावकाश चढतो,
अंगात शिरल्यावर आठवडेच्या आठवडे घेतो,
तेवढ्यात हाडांच्या आत कुणीतरी उठून
जाळं विणायला बसतं.
कुणीतरी म्हणजे कोण, ते त्याने विचारलं नाही.
बाही वर केली.

त्याचं दुसरं नाव, आमच्या भाषेतलं, माझ्या भावाचं आहे.
भाऊ अकराव्या वर्षी गेला. पोट फुगलं होतं,
डोळे पिवळे, डॉक्टर यकृतावर बोट ठेवून गप्प.
त्याच महिन्यात पलीकडच्या घरी वासिली जन्मला,
आणि आईने आमच्या रिवाजाने ते नाव त्याला दिलं.
लस यायला अजून सहा वर्षं होती.
त्या बाळाला ती मुलगा म्हणायची,
पहिल्या माशाचं डोकं त्याच्या ताटात.
मी खूप रुसायचे.

आता आई मला ओळखत नाही.
"दवाखान्यातली बाई" म्हणते, आदराने म्हणते.
भिंतीवरच्या फोटोतला मुलगा कोणाचा, विचारते.
दर वर्षी थोडं थोडं ओसरत गेलं,
आधी आडनावं, मग पत्त्यांचा डाव,
मग मी.

पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त घेतलं.
उजळणीच्या त्या एका डोसाने
नास्तासिया आठशेवर,
वासिली दोन हजार शंभर.
मी आकडा दोनदा वाचला.

ते सांगायला तो घरी आला, बर्फ झटकत.
आई खिडकीशी बसली होती, सकाळपासून अबोल.
तिने त्याच्याकडे पाहिलं,
पायलट ब्रेडचा निळा डबा ओढला,
एका बिस्किटाला लोणी लावलं, अगदी कडेपर्यंत,
कडा कोरडी राहिली की भाऊ खायचा नाही,
आणि त्याच्या पुढे सरकवलं.
नाव घेतलं नाही.
वासिलीने टोपी काढून ते खाल्लं, उभ्यानेच,
चुरा हातात झेलत.

ओलिंकाचा आकडा वर आलाच नाही.
तिला आणखी एक डोस द्यायचा आहे,
पण नदी फुटायला लागली की
स्कीवरचं विमान उतरत नाही, होडीही चालत नाही,
तीन आठवडे आम्ही सगळे जिथल्या तिथे.
मी तिचं नाव फळ्यावर लिहून ठेवलं आहे
आणि खाली रेघ मारली आहे, जाड,
माझ्याच लक्षात राहावं म्हणून.