खुंटीवरचा आवाज

पोस्टरं लावून तीन वर्षं झाली होती.
केयोनच्या धक्क्यावर, बर्फाच्या कारखान्याच्या दारावर,
दारूच्या दुकानात तर दोन-दोन.
नारिंगी जाकीट, खाली ठळक अक्षरं.
कोळ्यांनी ती वाचली
आणि मागच्या कोऱ्या बाजूवर पत्त्यांचे गुण मांडले.

मग जाहिरातवाले माझ्याकडे आले.
म्हणाले, डोळे निर्ढावलेत, आता कान धरू.

मी आयुष्यभर आवाजावर माल विकला.
कुरकुरीत बिस्किटासाठी सुकी पानं चुरगाळली,
तळणीच्या तेलासाठी पत्र्यावरचा पाऊस वापरला.
माझ्या कपाटात
एकही आवाज स्वतःच्या नावानं राहत नाही.

यावेळी बेत साधा होता:
जाकिटाच्या कॉलरमध्ये नखाएवढा स्पीकर.
जाकीट खुंटीला आणि होडी पाण्यात,
तर तो बोलत राहणार.
बक्कल लागलं की गप्प.

बोलणार कोण?
अधिकारी नको, नट नको. घरचं माणूस.

मी माईक घेऊन चुलीचुलीशी बसले.
ओरिस्तेला म्हणाली,
"बक्कल लाव. तुझा विमा नाहीये."
नऊ वर्षांचा एक पोरगा म्हणाला,
"बाबा, माझी सायकल अजून यायचीय,"
आणि लाजून टेबलाखाली गेला.

रुदेलिंदा बार्रिया मात्र बोलेचना.
"तीस वर्षं कानीकपाळी ओरडतेय.
या कानानं ऐकतो, त्या कानानं सोडतो.
तुझं यंत्र काय वेगळं करणार?"
आणि ती बटाटे सोलत राहिली.
मी बटण बंद केलं नाही.
बावीस सेकंद: साल, साल, किटलीची वाफ,
मग पाठमोरीच, आत आलेल्या नवऱ्याला,
"एलेउतेरियो, दार लाव. गारठा येतोय."

तेवढंच घेतलं.

त्या मोसमात धक्क्यावर एकच विनोद चालला,
बायकोला गप्प करायचंय? बक्कल लाव.
सगळे हसले, सगळ्यांनी लावलं.
सांतियागोत आम्हाला काचेचा कान मिळाला,
बक्षीस म्हणून. तो घरी आणताना पाळीला तडा गेला.

ऑगस्टच्या कडाक्यात रुदेलिंदा गेली.
समुद्रानं नाही, फुप्फुसानं.

ऑक्टोबरात तपासनिसाचा फोन:
एक होडी आहे, जाकीट कायम खुंटीला.
दंड भरतो, वाद घालत नाही.

मी त्याच्याबरोबर पहाटे निघाले.
बेट मागे पडलं, इंजिन एका सुरात लागलं
आणि खुंटीवर कुणीतरी बटाटे सोलू लागलं.
साल, साल, वाफ.
"एलेउतेरियो, दार लाव. गारठा येतोय."
पुन्हा साल.
होडीला दार नव्हतं.
चारी बाजूंनी उघडं पाणी.

त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.
जाळ्याची गाठ सोडवत म्हणाला,
"बक्कल लावलं की ती थांबते."

आम्ही बैठकीत सगळ्याचा विचार केला होता.
मिठाचा, गंजाचा, वाऱ्याचा,
आवाज किती मोठा म्हणजे कटकट वाटेल याचा.
कटकट नाहीशी झाल्यावर
माणूस तिच्यासाठी बुडायला तयार होईल,
हे कुठल्या फळ्यावर लिहायचं असतं?

परतल्यावर त्याच्याच स्वयंपाकघरात
मी कॉलर उसवली, दोन तारा उलट्या जोडल्या.
चूल थंड होती.
आता खुंटीवर शांतता,
आणि बक्कल लागलं की ती.

त्यानं जाकीट चढवलं.
खट्. साल, साल, वाफ.
काढलं. गप्प.
खट्.
असं त्यानं किती वेळा केलं, मोजलं नाही मी.
टाके घालायला मला दोरा सापडत नव्हता,
तो त्यानं आतून आणून दिला, तिच्या डब्यातला.

मग विचारलं,
"सेल किती दिवस टिकतो?"

एक मोसम, मी म्हणाले.
खिशात होते तेवढे चारही सेल काढून
टेबलावर ठेवले.
अहवालात लिहिलं:
जाकीट वापरतो. होय.