अठ्ठेचाळीस तास

जुबैलला ऑगस्टात हवा पिळली तर बादली भरेल.
म्हणून पहाटे चारला शमसुचाचा परकार
वेल्डिंग रॉडच्या भट्टीपुढे हात धरतात,
तवा तापलाय का बघावं तसे.
साडेतीनशे अंश, दोन तास.
"ओला रॉड लावलास तर जोड आज हसेल, परवा रडेल."
कोल्लमचा पोरगा मान हलवतो. त्याला किती कळलं, देव जाणे.

आर्कच्या उजेडात पाणी फुटतं.
त्यातला हायड्रोजन पातळ पोलादात उतरतो,
एकेकटा.
जोडीनं त्या दारातून जाता येत नाही.
निवलेल्या लोखंडातही तो चालतच असतो
अणूंच्या बोळांतून, रात्रपाळीला,
कुठे एखादी पोकळी सापडेपर्यंत.
तिथे आधीच कुणी आलेलं असतं.
दोघांची जोडी जमते,
आणि जमली की परतीचं दार बंद.
मग आणखी दोन. आणखी दोन.
वरून बघावं तर जोड सुरमईसारखा चकचकीत.

म्हणून नियम आहे : लगेच तपासायचं नाही.

बुधवारी बाणकोटहून फोन आला,
भावानं होडी विकली, न विचारता.
"बरं केलंन," चाचा म्हणाले,
हेल्मेटची काच खाली ओढली
आणि संध्याकाळपर्यंत नऊ जोड मारले.
एकही वाकडा नाही.

शुक्रवारी कॅम्पात भात वाढला होता.
कुणीतरी सहज म्हणालं, मासा आज शिळा वाटतो.
चाचांचा हात भातातच राहिला.
आम्ही पाच जण ताटांकडे बघत बसलो.
एसीचं पाणी डब्यात टपकत होतं.

शनिवारी मी जोडांवर जेली फासली, प्रोब फिरवला.
पडद्यावर रेघ सपाट, सपाट,
सत्ताविसाव्यावर उसळली.
केसाएवढी भेग, अकरा मिलिमीटर आत.
चाचांना दाखवली. ते काही बोलले नाहीत.
घासून काढली, नवा रॉड लावला, जोड गरम ठेवला
आणि त्याभोवती ब्लँकेट गुंडाळलं, बाळंतिणीला गुंडाळतात तसं.
"ऊब असली की निघून जातो तो आपसूक.
आपण फक्त घाई करायची नाही."

मी तिथेच पाइपाशी बसलो, त्यांच्या शेजारी,
काम नसताना.
रिपोर्टात लिहिलं : जोड सत्तावीस, दुरुस्त.
फेरतपासणी अठ्ठेचाळीस तासांनी.