वाव

मनोरीच्या धक्क्यावरून सकाळी सहाला निघालो
तेव्हा इनासकाकाने आधी डिझेल हुंगलं, मग आभाळ,
मग माझ्या गळ्यातलं ओळखपत्र वाचलं, ओठ हलवत.
"नाळीवर नको बसू. खोक्यात वजन हाय तुज्या."

खोक्यात यंत्र होतं, पाण्याची खोली सांगणारं.
गोराईच्या वळणावरच ते बिघडलं.
पडद्यावर नऊ, नऊ, नऊ,
एकच पाढा येणाऱ्या पोरासारखं.

मग त्याने फळीखालून दोरी काढली.
टोकाला शिशाचा गोळा, आणि प्रत्येक वावाला एक चिंधी:
पहिली लाल, दुसरी लुगड्याची हिरवी,
तिसरी कुणाच्यातरी लग्नातली रिबीन, अजून चकाकणारी.

दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर, तेवढा वाव.
"कुणाचे हात?" मी विचारलं.
"बापाचे. एकसष्ट साली मापलेले.
माजे चार बोटं कमी भरतात."
मी पसरून पाहिले. माझे वीतभर.

सगळी खाडी मी एका मेलेल्या माणसाच्या हातांनी मोजली.
वहीत लिहीत गेले:
पॅगोडाचं टोक उजव्या खांद्यावर, तीन.
मिठागराची मोडकी फळी समोर, दोन, तळाला गाळ.
त्याच्याकडे आणखी नावं होती, माझ्या नकाशात नसलेली.
म्हातारीचा दात, जो सुकतीला वर येतो आणि पंखा खातो.
रोझाची खोल.
रोझा कोण, हे त्याने सांगितलं नाही, तिथे फक्त टोपी काढली.

तिवरांच्या मुळांत निवट्या उड्या मारत होत्या.
डावीकडे एक फाटा फुटला, काळपट, प्लास्टिकच्या झालरीचा.
"हा नाला कुठला?"
त्याने इंजिन बंद केलं.
"नाला? दहिसरची नदी ती.
आय माजी इथनं सुकट घेऊन बाजाराला जायची,
येताना तांदूळ."

नदी.
हिच्या काठाला मी अठरा वर्षं राहिले.
आईने त्या खिडकीला कपाट लावलं होतं, वासासाठी.
पाहुण्यांनी विचारलं तर म्हणायचो, मागे काही नाही.

"जायचं आत?" काका म्हणाला.
पाणी चढलं तर पुलाखालून होडी निघत नाही,
उतरलं तर चिखलात बसते.
मधे पाऊण तास.

पुलाखालून आम्ही उताणे पडून गेलो.
नाकाच्या वर हातभर काँक्रीट,
त्यावर पाकोळ्यांची घरटी,
आणि त्याच्याही वर रिक्षा, धाड धाड, घाईत.

मग आमची इमारत आली, पाठमोरी.
पुढून मी तिला रोज ओळखते.
मागून ती मोरीच्या पाइपांची, वाळत्या गोधड्यांची,
कुणीच न रंगवलेली.
तिसऱ्या मजल्यावर गजांआड
कपाटाची प्लायवूडची पाठ, भिजून फुगलेली,
आणि मधल्या चिंचोळ्या जागेत एक कबुतर, अंड्यांवर.

दोरी सोडली. लाल चिंधी कोरडीच राहिली.
ऑफिसच्या फॉर्मवर रकाना होता:
जलवाहतुकीस वाव, आहे किंवा नाही.
पेन घेऊन मी बसून राहिले,
मग आईला फोन लावला.
"कपाट जरा सरकव ना."
"कशाला? उंदीर दिसला का?"
"नाही गं. मी आहे. खाली."
"खाली कुठे? मागे तर काही नाही."

काकाने बांबू गाळात रोवून होडी धरून ठेवली होती.
पाणी पुलाकडे परतायला लागलं होतं.
वर, बऱ्याच वेळाने,
लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला.